दोन खणांचं घर, पुरतं दार

गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगायला आज कुणी उरलेलं नाही, आणि तिथल्या राजाचं नाव मलाही ठाऊक नाही. ठकूआजीचं नाव मात्र ठाऊक आहे. राजाचं नाव पुसलं गेलं आणि रस्ता झाडणारीचं राहिलं, याचा मला भारी अभिमान वाटतो. का वाटतो, ते गोष्ट ऐकलीत की कळेल.

तर एका डोंगरावर एक नगर होतं. तीन बाजूंना खोल दरी, चौथ्या बाजूला मोठा तलाव आणि भोवती दगडी तट. पाय पसरायचे म्हटले तरी नगराला जागा नव्हती. घराला घर खेटलेलं. एका घरात मिरचीची फोडणी पडली की तिसऱ्या घरातला म्हातारा खोकत उठायचा. तरी नगर सोडून जायचं नाव कुणी काढत नसे, कारण तिथल्या लोकांना आपल्या नगराचा फार अभिमान होता.

आणि सगळ्यांत जास्त अभिमान कशाचा? तर आमच्या नगरात एकही झोपडी नाही, याचा.

राजाच्या पणजोबांनी तसा कायदाच केला होता. दोन तुळयांमधल्या जागेला खण म्हणतात, हे थोरांना माहीत आहे. लहानांनी आता माहीत करून घ्यावं. 'या तटाच्या आत नऊ खणांहून लहान घर कुणी बांधू नये. माझ्या प्रजेनं कोंडून राहू नये,' असं पणजोबांनी एका शिळेवर कोरून ठेवलं होतं. माणूस मायाळू होता. पण मायाळू माणसाच्याही हातून चूक होते, आणि ती दगडावर कोरली की पुढच्या पिढ्या तिला शहाणपण म्हणतात.

नऊ खणांचं घर उभारणं ज्यांना झेपलं नाही ते गेले कुठे, हे शिळेनं कुणाला सांगितलं नाही. ते गेले तटाबाहेर. तलावाच्या बांधाखाली अशा चाळीस कुटुंबांची वस्ती होती. पखालीतून पाणी भरणारे, टोपल्या विणणारे बुरूड, कापड रंगवणारे रंगारी आणि रस्ते झाडणाऱ्या बाया. सकाळी वेशीचा दरवाजा उघडला की ही माणसं आत येत. दिवसभर त्या नगराला पाणी पाजत, झाडून काढत, सजवत. संध्याकाळी दरवाजा लागायच्या आत बाहेर निघून जात. नगरात झोपडी नव्हती, ती अशी नव्हती.

ठकूआजी या वस्तीतली. पासष्टीला आलेली, झाडून झाडून कमरेत वाकलेली, पण जिभेनं सरळ. पन्नास वर्षं ती नगराचे रस्ते झाडत होती. तिच्या मागून चालणाऱ्याला रस्त्यात एक पान सापडलं नव्हतं, असं लोक म्हणत. ते खरंही होतं, आणि आजीला ते माहीतही होतं.

एका वर्षी तलावाचा बांध पाझरू लागला. गवंड्यांनी पाहणी केली आणि राजाला सांगितलं, "महाराज, बांध फुटायच्या आत रुंद करायला हवा. रुंद केला की खालची वस्ती त्याखाली जाणार. महिन्याभरात ती माणसं हलवा."

राजा म्हणाला, "मग त्यांना तटाच्या आत घ्या."

प्रधान म्हणाला, "घेऊ की महाराज. पण जागा पाहावी लागेल."

जागा पाहायला राजाचा मोजणीदार निघाला. त्याच्याकडे पणजोबांच्या काळापासून चालत आलेला एक दोर होता. नऊ खणांच्या घराला चारी बाजूंनी बरोबर वेढा घालेल, एवढा त्याचा घेर. मोजणीदार पाच दिवस दोर घेऊन गल्लीबोळ फिरला. कुठे दोर भिंतीला अडला, कुठे विहिरीला, कुठे देवळाच्या पायरीला. सहाव्या दिवशी त्यानं दरबारात दोर गुंडाळून ठेवला.

"महाराज, एकाही ठिकाणी दोर पुरता पसरला नाही. नगरात जागा नाही."

माणूस प्रामाणिक होता हो. जे मोजायला सांगितलं तेच त्यानं मोजलं.

प्रधानानं लगेच तोड काढली. राज्याच्या सीमेवर, तीन दिवसांच्या वाटेवर, एक पडीक माळ होता. चाळीस कुटुंबांनी महिन्याभरात तिकडे जावं, अशी दवंडी पिटली गेली.

वस्तीत त्या दिवशी चुली उशिरा पेटल्या. माळावर रंगाऱ्यांनी लुगडी कुणाची रंगवायची? पखालवाल्यांनी पाणी कुणाच्या रांजणात ओतायचं? ज्या नगराचा दगडन् दगड त्यांना ओळखत होता, त्या नगरात त्यांच्यासाठी वीतभर जागा नव्हती. बायका रडल्या. पुरुषांनी गाठोडी बांधायला घेतली. ठकूआजीनं मात्र खराटा उचलला आणि ती थेट दरबाराकडे चालू लागली.

दारावरच्या शिपायानं तिला अडवलं. "आजी, खराटा बाहेर ठेव."

आजीनं आत बोट दाखवलं. "त्या सरदाराच्या कमरेला काय हाय?"

"तलवार."

"ते त्येचं हत्यार. ह्ये माजं. त्येला बाहीर ठेवाय सांग, मग मी ठेवते."

शिपायानं भाला बाजूला घेतला. आजी खराट्यासकट आत गेली आणि राजापुढे उभी राहिली. "म्हाराज, नगरात जागा हाय," ती म्हणाली. "तुमच्या दोराला घावली न्हाई, येवढंच."

दरबार हसला. मोजणीदार जरा चिडला. "आजी, मी पाच दिवस नगर पालथं घातलंय."

"तुमी पाच दिस घातलंय. मी पन्नास वर्सं घालतीया."

"मग सांग ना, कुठे आहे जागा?"

"सांगून पटायचं न्हाई तुमाला. दावते. आठ दिस द्या."

राजाला तिचा ताठा आवडला. त्यानं आठ दिवस दिले.

दिवस फाल्गुनाचे होते. पिंपळ, वड, कडुनिंब, सगळी झाडं पानं टाकत होती. आजीनं वस्तीतल्या सगळ्या झाडणाऱ्या बायांना गोळा केलं आणि एकच गोष्ट सांगितली. "आठ दिस, जिथं मानसाचा पाय पडतो तिथंच झाडायचं. जिथं कुनी पाय ठेवत न्हाई, तिथं खराटा लावायचा न्हाई."

बायांना आधी नवल वाटलं. पण झाडणारीला हे कळायला वेळ लागत नाही. कुठली माती तुडवून पिठासारखी झाली आहे आणि कुठल्या मातीवर कालची खराट्याची रेघ आज तशीच्या तशी आहे, हे तिच्या हाताला ठाऊक असतं. नगराच्या मोजणीदाराला हे ठाऊक नव्हतं. राजालाही नव्हतं.

पहिले दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी लोक कुरकुरू लागले. पाचव्या दिवशी एका सावकारीणबाईंनी भर रस्त्यात आजीला सुनावलं, "ठकू, म्हातारी झालीस गं! कोपरे सोडून झाडतेस. ते बघ, पानांचा ढीग लागलाय. पूर्वीचं काम राहिलं नाही तुझं."

हे आजीला फार लागलं. पन्नास वर्षांत तिच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. तिचा हात खराट्यावर आवळला. एका फटकाऱ्यात तो कोपरा लख्ख झाला असता. पण चाळीस चुली तिच्या डोळ्यांपुढे होत्या. ती खाली मान घालून पुढे गेली आणि वळणावर जाऊन तिनं पदरानं डोळे पुसले.

नवव्या दिवशी सकाळी आजी राजाला नगर दाखवायला घेऊन निघाली. मागे प्रधान, मोजणीदार आणि अर्धं नगर. राजवाड्याच्या पिछाडीला एक लहानसा मोकळा चौक होता. तिथे गुडघाभर पानं साचली होती.

"हे काय आहे?" राजानं विचारलं.

"हत्ती बांधायची जागा, महाराज," प्रधान म्हणाला.

"हत्ती कुठे आहे?"

प्रधान खाकरला. हत्ती राजाच्या आजोबांच्या वेळीच वारला होता. त्याची जागा मात्र इमानानं मोकळी ठेवली होती.

पुढे एक बुजवलेली विहीर लागली. दोनशे पावलांवर वाजंत्र्यांचा ओटा होता; उत्सवाची मिरवणूक ज्या गल्लीतून जायची, ती तिथून जाईनाशी होऊन साठ वर्षं लोटली होती. मग बाजारामागे दोन चुलतभावांची घरं आली. त्यांचे आजोबा सख्खे भाऊ; त्यांचं पागोळ्यांच्या पाण्यावरून भांडण झालं होतं. तुझ्या छपराचं पाणी माझ्या हद्दीत नको म्हणून दोघांनी आपापल्या बाजूनं जागा सोडली होती. तीन पिढ्या त्या बोळात ना हा गेला, ना तो.

सगळीकडे पानं होती, आणि त्यांतलं एकही पान चुरलेलं नव्हतं.

"बघा म्हाराज," आजी म्हणाली. "मानूस गेला असता, तर पान मोडलं असतं."

राजानं वाकून एक पिंपळपान उचललं. काठासकट अख्खं होतं. मोजणीदार मनातल्या मनात जागा मोजत होता. अशा बावन्न जागा निघाल्या. जमलेले लोक एकमेकांकडे बघू लागले. इतकी वर्षं ते या जागांवरून नजर टाकत गेले होते आणि त्यांना वाटत होतं की आपलं नगर भरलेलं आहे.

मोजणीदारानं तरीही दोर उलगडून पाहिला. तो म्हणाला, "महाराज, जागा आहे, हे कबूल. पण घर बसत नाही. कुठेही दोन खणांवर काही निघत नाही."

"दोन लई झाले," आजी म्हणाली.

"पण कायदा?"

राजा अडचणीत आला. पणजोबांचा शब्द मोडायचा कसा? तेव्हा प्रधानानं पुन्हा तोड काढली. तोड काढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. "महाराज, कायदा घराला आहे. आपण याला घर म्हणूच नये. आडोसा म्हणावं. गोठ्याला कायदा नाही, तसा आडोशालाही नाही. फक्त घराशी घोटाळा होऊ नये म्हणून त्याला दार ठेवू गोठ्याएवढं, खांद्याइतक्या उंचीचं. साप मेला आणि काठीही तुटली नाही!"

राजानं तसा हुकूम दिला. लोकांनी माना डोलावल्या. दोन्ही भावांच्या मधल्या बोळात पहिला आडोसा बांधायला घेतला, आणि तो ठकूआजीला द्यायचं ठरलं. भिंती उभ्या राहिल्या, छप्पर चढलं. राजाच्या सुतारानं चौकट बसवली आणि आजीला बोलावणं धाडलं.

आजी आली. तिनं भिंतीवरून हात फिरवला, छपराकडे पाहिलं, समाधानानं मान हलवली. मग ती चौकटीपुढे थांबली.

"ह्ये दार कुनासाठी?"

"तुमच्यासाठीच, आजी," सुतार म्हणाला. "आडोशाला एवढंच दार ठेवायचा हुकूम आहे."

"उंच कर."

"हुकूम नाही."

"मग मला नगं."

सुताराच्या हातातला लाकूड तासायचा वाकस तसाच राहिला. वस्तीतले लोक धावत आले. म्हातारा पखालवाला हात जोडून म्हणाला, "आजी, मिळतंय ते घे. वाकून शिरलो तर काय बिघडतंय? महिना सरायला बारा दिस राहिल्यात. तू अडलीस तर आमची समद्यांची रवानगी माळावर हुईल."

आजी त्याच्याशी रागानं बोलली नाही. ती म्हणाली, "बाबा, पाठीवर पखाल घेऊन तू वाकतोस. खराटा घेऊन मी वाकते. कामासाठी वाकलो, त्येची लाज न्हाई. त्येच्यावर तर हे नगर उभं हाय. पन दिसभर वाकून घरी आल्यावर तरी कंबर सरळ करायची का न्हाई?"

पखालवाल्यानं आपल्या पाठीवर हात नेला. मग तो आजीच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या मागे बुरूड आले, रंगारी आले. भीती सगळ्यांनाच होती, पण मागे कुणी सरलं नाही.

प्रधानाला कळलं तसा तो तणतणत आला. मागोमाग राजाही आला.

"दोन खणांचं खुराडं आणि त्याला पुरुषभर उंचीचं दार!" प्रधान ओरडला. "हिला नगरात घेतलं हेच चुकलं, महाराज. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी!"

राजा आजीला म्हणाला, "आजी, जागा मिळाली, छप्पर मिळालं. एका दारासाठी अडून बसशील, तर हेही जाईल. या चाळीस कुटुंबांचा विचार केलास का?"

"त्येंचाच केला, म्हाराज. आज ह्येला आडोसा म्हनाल, उद्या आमाला आडोशातली मानसं म्हनाल. तटाच्या आत येऊन आमी बाहीरचीच ऱ्हानार. त्यापरीस माळ बरा." आजीनं खराटा जमिनीवर टेकला. "झाडताना समदं आयुष्य वाकले मी. घरात शिरताना वाकनार न्हाई."

राजानं चौकटीकडे पाहिलं.

राजानं प्रधानाला विचारलं, "घर म्हणजे काय?"

"नऊ खण, महाराज."

त्यानं आजीला विचारलं, "तुझ्या मते?"

"दारात ताठ उभं ऱ्हाऊन आल्यागेल्याला 'या, बसा' म्हनता येतं, ते घर."

"मग मला म्हण."

"या म्हाराज, बसा," आजी म्हणाली.

राजा दाराशी गेला. दार खांद्याइतकं. राजाला कमरेतून वाकावं लागलं. तो आत गेला, दोन खणांत बसला. आजीनं शेजारून आणलेलं गूळपाणी बाहेरूनच आत सरकवलं. राजा ते प्यायला, त्यानं आजूबाजूला पाहिलं. जागा त्याला लहान वाटली नाही. मग तो निघाला.

बाहेर येताना आधी त्याची झुकलेली मान दिसली, मग वाकलेली पाठ. समोर प्रधान उभा होता, त्याच्या मागे नगरातली सगळी प्रतिष्ठित माणसं. राजा आपल्यापुढे मान झुकवून येतोय हे दिसताच जो तो घाबरून बाजूला सरला. राजाचा नमस्कार आपल्या अंगावर घ्यायची छाती कुणाची? पाहता पाहता समोरची गल्ली रिकामी झाली.

राजा सरळ उभा राहिला. त्यानं सगळ्यांकडे एकवार पाहिलं.

"मी एकदा वाकलो, तर तुम्ही बाजूला झालात," तो म्हणाला. "ही माणसं या दारांतून रोज सकाळी अशीच बाहेर आली असती. जो कुणी समोर असेल, त्याच्यापुढे मान झुकवून. तेव्हा त्यांच्यासमोरून कोण सरणार होतं?"

प्रधानालाही या वेळी तोड सुचली नाही.

राजा पुढे म्हणाला, "माझ्या पणजोबांना प्रजा कोंडून राहायला नको होती. त्यांनी भिंती मोजल्या. माणूस कुठे कोंडला जातो, ते या आजीला जास्त ठाऊक आहे. सुतारा, दार उंच कर. सगळ्यांत उंच माणूस पागोटं घालून आत जाईल, एवढं कर."

सुतारानं चौकट काढली. त्याच दिवशी पुरती चौकट बसली. राजानं पणजोबांची ओळ पुसली नाही. तिच्याखाली दुसरी कोरायला सांगितली: 'आत शिरताना कुणालाही मान झुकवावी लागू नये, एवढं दार ज्याला, ते या नगरातलं घर. खण कितीही असोत.'

बारा दिवसांत चाळीस घरं उभी राहिली. हत्तीच्या चौकात एक, वाजंत्र्यांच्या ओट्यावर एक, बुजलेल्या विहिरीवर एक. बांध रुंद झाला, तलाव वाचला. ठकूआजीचं घर दोन भावांच्या मधोमध आलं, आणि दोघांच्या छपरांचं पाणी तिच्या छपरावरून एकाच पन्हळीतून वाहू लागलं. भांडायला काही उरलंच नाही, तेव्हा ते भाऊ नाइलाजानं एकमेकांशी बोलायला लागले.

या नव्या कायद्यानं एक गंमत मात्र झाली. मोजणीदार आता दोराऐवजी काठी घेऊन दारं मोजत फिरू लागला, आणि सबंध नगरात त्याला एकच वास्तू सापडली, जी कायद्यानं घर ठरेना. ती होती प्रधानाची सत्तावीस खणांची हवेली. तिचा मोठा दरवाजा कायम बंद असे आणि येणाऱ्यानं वाकून यावं म्हणून त्यातला छोटा दिंडी-दरवाजा तेवढा उघडा ठेवलेला असे. प्रधानाला आठवड्याच्या आत तो मोठा दरवाजा उघडावा लागला. त्याच्या बिजागऱ्या इतक्या गंजल्या होत्या की तेल घालून तो ओढायला नव्या घरांतली चार माणसं बोलवावी लागली. ती त्या दरवाजातून ताठ मानेनं आत गेली आणि प्रधानानं त्यांना 'या, बसा' म्हटलं.

पुढे दूरदूरचे प्रवासी ते नगर पाहायला येत आणि विचारत, "एवढ्या दाटीत इतक्या माणसांना जागा कुठून केलीत?" तेव्हा नगरातलं शेंबडं पोरही छाती काढून सांगे, "जागा केली नाही. होतीच. आमच्या ठकूआजीनं दाखवली."

म्हणून बाळांनो आणि थोरांनो, ध्यानात ठेवा: घर खणांनी लहान-मोठं होत नाही, जिथे माणसाला ताठ मानेनं शिरता येतं, तेच खरं घर.